फ्लशच्या टाकीतला सायफन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायफनची टाकी पहिल्यांदा उघडून पाहणारा माणूस आत बूच शोधतो. तळाला भोक आहे, पाणी त्यातूनच जातं, मग ते भोक झाकणारं काहीतरी असणारच, असं त्याला वाटतं. तिथे तसं काहीच नसतं. पाणी आधी वर चढतं, एका वाकणावरून पलीकडे जातं आणि मग खाली कोसळतं. हे कसं होतं, कशामुळे अडतं आणि घरच्या घरी किती दुरुस्त करता येतं, याबद्दल लोक मला जे जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. ही यंत्रणा मला मनापासून आवडते, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

## टाकीतला सायफन दिसतो कसा?

वाकड्या मुठीची काठी डोळ्यांसमोर आणा, मूठ वरच्या बाजूला. काठीचा लांब, सरळ भाग म्हणजे टाकीच्या तळातून खाली फ्लशच्या पाइपाला जोडलेली नळी. मुठीचं खाली वळलेलं टोक टाकीतल्या पाण्यात बुडालेलं असतं. फक्त हे टोक बारीक न राहता खाली येता येता रुंद होतं आणि त्याचा एक डबा बनतो. डबा खालून उघडा असतो आणि टाकीच्या तळापासून बोटभर वर राहतो, म्हणजे पाण्याला खालून आत शिरायला वाट असते. वरचं वाकण मात्र पाण्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा थोडं उंच असतं. हे ‘थोडं उंच’ लक्षात ठेवा, पुढची बहुतेक उत्तरं त्यावरच उभी आहेत.

डब्याच्या आत भोकं पाडलेली एक चकती असते. तिच्यावर पातळ प्लास्टिकचा लवचीक पडदा पसरलेला असतो, त्याला डायाफ्राम म्हणतात. चकतीची दांडी डब्याच्या माथ्यातून बाहेर येते आणि एका हुकाने हँडलच्या आतल्या दांड्याला अडकवलेली असते. हलणारे भाग एवढेच. शाळेच्या पुस्तकात या उलट्या नळीलाच वक्रनलिका म्हटलेलं असतं.

## हँडल दाबल्यावर आत नेमकं काय घडतं?

झाकण काढून बाजूला सपाट जागी ठेवा, चिनी मातीचं असेल तर जपून. मग एका हाताने हँडल दाबा आणि नजर पाण्यावर ठेवा.

हँडल खाली जातं तशी आतली चकती वर उचलली जाते. पाण्याच्या वजनाने पडदा भोकांवर घट्ट बसतो, त्यामुळे चकती हातपंपाच्या दट्ट्यासारखी वागते आणि तिच्या वरचं सगळं पाणी वर रेटते. त्या पाण्याला जायला एकच वाट असते, वाकणावरून पलीकडे. पलीकडच्या नळीत पडताना हे पाणी तिथली हवा आपल्याबरोबर खाली घेऊन जातं. नळी पाण्याने भरली की उतरत्या बाजूचं पाणी स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जातं, वाकणापाशी दाब कमी होतो, आणि टाकीतल्या पाण्यावर बाहेरून असलेला हवेचा दाब मागचं पाणी वर ढकलत राहतो.

इथे हँडलचं काम संपलं. हात काढला तरी पाणी थांबत नाही. आता ते चकतीच्या खालून येतं, भोकांमधून शिरतं, पडद्याला वर उचलतं आणि पुढे जातं. एक क्षण आधी झाकण असलेला पडदा आता दार झालेला असतो. एका पातळ प्लास्टिकच्या तुकड्याकडून इतकं काम करून घेणाऱ्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं.

टाकीतलं पाणी भराभर, पण सपाट उतरत जातं. शेवटी ते डब्याच्या खालच्या कडेपर्यंत पोचतं, कडेखालून हवा आत ओढली जाते, मोठी घरघर होते आणि वाकणातला पाण्याचा दुवा तुटतो. तळाशी बोटभर पाणी उरतं. तोवर बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की येणारं पाणी आपोआप बंद करणाऱ्या नळाचा, तरंगता चेंडू खाली आलेला असतो, नव्या पाण्याची धार सुरू झालेली असते. सगळा कार्यक्रम काही सेकंदांचा.

## पाणी वर चढतंच कसं? ते तर उताराकडे धावतं ना?

धावतं, आणि इथेही ते उताराकडेच धावतं. कप्पीवर टाकलेला दोर आठवा. एका बाजूला दोर लांब लोंबत असेल आणि दुसऱ्या बाजूला आखूड, तर लांब बाजू खाली जाते आणि आखूड बाजूला वर ओढून घेते. आखूड बाजूचा दोर वर चढला म्हणून काही नियम मोडला जात नाही. सायफनमध्ये पलीकडची उतरती नळी ही लांब बाजू आहे.

फरक एवढाच की साधं पाणी दोरासारखं ओढ सहन करत नाही, ते तुटून मध्ये पोकळी व्हायची. हवेचा दाब ते होऊ देत नाही. तो पाण्याला दाबून एकसंध ठेवतो. पण पाणी कोणत्या दिशेने वाहायचं हे तो ठरवत नाही, कारण दोन्ही टोकांवर तो जवळजवळ सारखाच असतो. दिशा ठरते ती दोन टोकांच्या उंचीतल्या फरकाने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने.

हा मुद्दा मोठमोठ्यांचा चुकलेला आहे. इंग्रजीच्या ऑक्सफर्ड शब्दकोशात सायफन हवेच्या दाबाने चालतो अशा अर्थाची व्याख्या १९११ पासून होती. ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूज यांनी २०१० मध्ये ती चूक दाखवून दिली. पाच वर्षांनी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतली विरघळलेली हवा काढून टाकलेलं पाणी वापरून १५ मीटर उंचीचा सायफन चालवून दाखवला. एरवी हवेचा दाब पाण्याचा खांब सुमारे १० मीटरपर्यंतच तोलून धरू शकतो. आपल्या टाकीतलं वाकण पाण्याच्या वर जेमतेम काही सेंटीमीटर असतं, तेव्हा तिथे या मर्यादेची काळजी नको.

स्वतः करून पाहायचं असेल तर एक भरलेली बादली स्टुलावर आणि एक रिकामी जमिनीवर ठेवा. पारदर्शक नळी पूर्ण पाण्याने भरा, दोन्ही तोंडं अंगठ्याने दाबून एक तोंड वरच्या पाण्यात बुडवा, दुसरं खालच्या बादलीत सोडा आणि अंगठे काढा. नंतर खालचं टोक हळूहळू वर उचलत न्या. ते वरच्या बादलीतल्या पाण्याच्या पातळीशी आलं की धार थांबते. वसुदेवाचा प्याला ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. बाळकृष्णाच्या पावलाला पाणी लागलं की सगळा प्याला रिकामा होतो, कारण मूर्तीच्या आत लपवलेल्या नळीचं वाकण तेवढ्याच उंचीवर असतं. पायथागोरसच्या नावाने ओळखला जाणारा प्यालाही असाच.

प्याल्यात आणि टाकीत फरक कोणता? प्याल्यात पाणी भरता भरता वाकण ओलांडतं आणि सायफन आपोआप सुरू होतो. टाकीत पातळी वाकणाच्या खालीच रोखलेली असते आणि उरलेली उंची आपल्या हाताचा जोर भरून काढतो.

## हँडल हळू दाबलं तर फ्लश का होत नाही?

कारण नळी भरत नाही. चकती आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये बारीक फट असते. सावकाश उचललं तर पाणी त्या फटीतून खाली निसटतं, आणि जे थोडं वाकणावरून जातं ते नळीच्या कडेने ओघळतं, हवा जागच्या जागीच राहते. कमोडमध्ये थोडंसं पाणी पडतं आणि सगळं शांत होतं.

एका दमात, शेवटपर्यंत दाबा. जोर लावायची गरज नाही, वेग हवा. घरी पाहुणे आले की ‘तुमचा फ्लश चालत नाही’ ही तक्रार येते ती बहुतेक वेळा यामुळेच, बटणाची सवय झालेली असते म्हणून. लहान मुलांना आणि हातात ताकद कमी असलेल्या वयस्कर माणसांना हे हँडल खरंच जड जातं. हा या यंत्रणेचा खरा दोष आहे आणि तो मान्य करायला हवा.

## सायफन गळत नाही म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते सायफनची सगळी थोरवी इथेच आहे.

झडपेच्या टाकीत तळाच्या भोकावर रबराची चकती बसलेली असते. ती चोवीस तास पाण्याखाली असते आणि तिने पूर्ण बंद बसणं हाच पाणी अडवायचा एकमेव उपाय असतो. वाळूचा एक कण, क्षाराचा पापुद्रा, वयाने कडक झालेलं रबर, यांपैकी काहीही पुरतं. मग कमोडच्या मागच्या भिंतीवरून एक पातळ पदर सतत वाहत राहतो. आवाज नाही, जमीन ओली नाही, दिसायलाही कठीण. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी असं गेलं, तर दिवसाला २८८ लिटर होतात. ६ लिटरच्या टाकीचे हे ४८ फ्लश झाले.

सायफनच्या टाकीत पाणी अडवणारी वस्तू म्हणजे ते उंच वाकण. पाणी पातळीच्या वर स्वतःहून चढत नाही, म्हणून ते आतच राहतं. तिथे झिजायला काही नाही. पडदा फाटला, चकती मोडली, हुक निसटला, तरी टाकी भरलेलीच राहते. फ्लश होत नाही, तुम्हाला ताबडतोब कळतं आणि तुम्ही दुरुस्तीला लागता. झडप बिघडली तर ती गळते आणि कुणाला सांगत नाही. सायफन बिघडला तर तो अडून बसतो. पाणी मोलाचं मानणाऱ्या माणसाला यातला कोणता बिघाड परवडेल, हे सांगायला नको.

## माझ्या सायफनच्या टाकीतून तरीही कमोडमध्ये धार येते. ती कुठून?

आधी बॉल कॉक पाहा. तो पूर्ण बंद होत नसेल तर पातळी वाढत जाते. टाकीला जादा पाण्याचा पाइप बाहेर काढलेला असेल तर पाणी तिथून पडतं. काही टाक्यांत तो आतूनच कमोडकडे नेलेला असतो, तिथे धार कमोडमध्ये दिसते. दोष सायफनचा नसतो. कॉकचं वॉशर बदला, दांडा वाकवून किंवा स्क्रू फिरवून चेंडू थोडा खाली आणा.

सायफनच्या उतरत्या नळीला पाण्याखाली तडा गेला असेल तरीही धार येते, पण हे क्वचित. टाकीखाली बाहेरच्या बाजूने थेंब पडत असतील तर तळाचा मोठा नट आणि त्याचं वॉशर तपासा.

शंका असेल तर टाकीत खायचा रंग टाका आणि तासभर फ्लश करू नका. कमोडच्या पाण्यात रंग उतरला तर गळती आहे.

## हँडल चार-पाच वेळा पंप केल्यावर फ्लश होतो. काय बिघडलंय?

दहापैकी आठ-नऊ वेळा डायाफ्राम. पडद्याला चीर पडलेली असते किंवा त्याची कड दुमडलेली असते, त्यामुळे चकती उचलताना पाणी भोकांमधून खाली निसटतं आणि नळी भरण्याइतकं पाणी वर पोचत नाही.

पण सायफन काढायच्या आधी पाण्याची पातळी बघा. बऱ्याच टाक्यांच्या आत भिंतीवर पातळीची रेघ असते. पाणी तिच्यापेक्षा बोटभर जरी कमी असेल तरी सायफनला तेवढंच जास्त उचलावं लागतं आणि चांगला पडदाही हरतो. मी एकदा अख्खी टाकी उतरवून नवा पडदा बसवला आणि सगळं पुन्हा जोडल्यावर लक्षात आलं की चेंडूचा दांडाच खाली वाकलेला होता. तेव्हापासून पातळी आधी, पाना नंतर.

## डायाफ्राम घरी बदलता येतो का?

येतो. अवघड भाग पडद्याचा नाही, सायफन बाहेर काढण्याचा आहे.

पाणी बंद करा. बॉल कॉकच्या आधीचा कॉक असेल तर तो, नाहीतर घराचा मुख्य कॉक. हँडल मारून टाकी रिकामी करा. फ्लश होतच नसेल तर मगाने पाणी काढा आणि तळाचं उरलेलं पाणी स्पंजाने टिपून घ्या, ते राहिलं तर नट सोडवताना तुमच्या बाहीत येणार. आता हुक काढा.

टाकी भिंतीवर वेगळी असेल तर खालून फ्लश पाइपाचा नट सोडवा, मग सायफनचा मोठा नट. तो प्लास्टिकचा असतो, घट्ट बसलेला असतो, आणि घाईने पाना मारला तर चिरतो. सायफन आतून एका हाताने धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरत राहतो.

टाकी कमोडवरच बसलेली असेल तर मोठा नट टाकीच्या खाली दडलेला असतो, म्हणून भिंतीचे स्क्रू आणि कमोडला धरणारे बोल्ट काढून पूर्ण टाकी उचलावी लागते. इथे दुसरा माणूस हवाच. चिनी मातीची टाकी ओल्या हातातून निसटली की काम डायाफ्रामवर थांबत नाही. या त्रासामुळेच दोन भागांचे सायफन निघाले. त्यांचा खालचा तुकडा जागेवरच राहतो, आणि खिट्टी काढली की वरचा भाग हातात येतो. नवा सायफन घेणार असाल तर हाच घ्या.

सायफन बाहेर आला की तो उलटा धरा आणि चकती बाहेर ओढून काढा. जुना पडदा बहुधा तुम्हाला तुकड्यांतच भेटेल: कडक, पिवळट, एका बाजूने फाटलेला, क्षाराने खरखरीत झालेला. भोकं ब्रशने साफ करा. नवा पडदा चकतीवर ठेवून पाहा. तो चकतीच्या कडेपर्यंत पोचला पाहिजे, पण डब्याच्या भिंतीला घासता कामा नये. तयार मिळाला नाही तर जाड, लवचीक प्लास्टिकचा जुन्या मापाने कापलेला तुकडाही चालतो. तो टिकाऊ नसतो, पण नवा आणेपर्यंत निभावतो.

उलट क्रमाने सगळं जोडा. टाकी आणि कमोड यांच्यामधलं जाड, गोल रबरी वॉशर एकदा उघडलं की पुन्हा जुनंच बसवू नका. बोल्ट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

## हँडल एकदम सैल झालंय, दाबलं तरी काहीच जाणवत नाही. आता?

हुक तुटला किंवा निसटला. झाकण उघडा, दिसेलच. तांब्याची जाड तार वाकवून नवा हुक दोन मिनिटांत होतो. लोखंडी तार लावू नका, गंजून पुन्हा तुटेल.

## एकदा सुरू झालेला फ्लश थांबतच नाही, बारीक धार चालू राहते. असं का?

येणारं पाणी फार जोरात आहे. सायफन थांबायला डब्याखाली हवा शिरावी लागते. बॉल कॉकमधून पाणी इतक्या वेगाने येत असेल की पातळी डब्याच्या कडेखाली जाऊच शकत नाही, तर सायफन अर्धवट चालू राहतो. घरावरच्या टाकीऐवजी जोडणी थेट दाबाच्या लाइनीवर घेतली की हे हमखास दिसतं, कारण कॉकमधलं बारीक भोक पूर्वीच्या कमी दाबाच्या हिशेबाने मोठं ठेवलेलं असतं. आधीचा कॉक थोडा बंद करा, किंवा जास्त दाबासाठीचं लहान भोक बसवा.

## साखळी ओढायच्या जुन्या लोखंडी टाकीतही सायफनच असायचा का?

हो, फक्त वेगळ्या घाटाचा. मध्ये उभी नळी आणि तिच्यावर पालथी घातलेली जड ओतीव लोखंडी घंटा. साखळी ओढली की घंटा उचलली जायची. सोडली की ती स्वतःच्या वजनाने खाली आदळायची आणि तिच्या खालचं पाणी नळीच्या तोंडावरून आत उसळायचं. म्हणून त्या टाक्यांना ‘ओढा आणि सोडा’ हीच रीत लागायची. साखळी धरून ठेवली तर काहीच व्हायचं नाही. तो धाडकन येणारा आवाज घंटेचा.

टाकी इतकी उंच का? पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. घर्षण सोडलं तर अर्ध्या मीटरवरून पडणारं पाणी सेकंदाला साधारण ३.१ मीटर वेगाने येतं, २ मीटरवरून ६.३ मीटर. उंची चौपट केली तेव्हा वेग दुप्पट झाला. जुन्या भांड्यांचा घाट आजच्याइतका विचारपूर्वक नव्हता, त्यांना हा वेग लागायचा.

## हे शोधलं कुणी? थॉमस क्रॅपरने ना?

त्याचं नाव घेतलं जातं खरं, पण नाही. फ्लशच्या संडासाची कल्पना इंग्लंडमध्ये १५९६ मध्ये जॉन हॅरिंग्टनने लिहून ठेवली होती. भांड्याखालच्या पाण्याने भरलेल्या वाकणाचं पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने घेतलं. टाकीत सायफन आणण्याचं श्रेय जोसेफ ॲडमसनच्या १८५३ च्या पेटंटला दिलं जातं. क्रॅपर लंडनमधला नामांकित प्लंबर आणि व्यापारी होता. झडप नसलेल्या ज्या टाकीवरून तो प्रसिद्ध झाला, तिचं १८९८ चं पेटंट अल्बर्ट गिब्लिन नावाच्या माणसाचं होतं.

सायफन ब्रिटनमध्येच रुजला याला कारण तिथले पाण्याचे नियम. शहराला पाणी पुरवणाऱ्यांना झडपांची गळती डोळ्यांनी दिसत होती, म्हणून टाकीचं नावच ‘पाण्याची नासाडी रोखणारी’ असं पडलं. झडपेची टाकी तिथे पुढे दीर्घकाळ नियमात बसत नव्हती. १ जानेवारी २००१ पासून तिला परवानगी मिळाली आणि त्याच वेळी नव्या टाकीचा फ्लश जास्तीत जास्त ६ लिटर ठरला, १९९३ पासून तो ७.५ लिटर होता. कमी पाण्यात फ्लश व्हावा हा हेतू चांगला होता. पण त्यासोबत गळणारी झडप घरात आली, याचं मला वाईट वाटतं.

## सायफनमध्ये अर्धा फ्लश मिळतो का?

मिळतो. डब्याच्या बाजूला मध्यावर एक भोक ठेवतात. पाणी तिथपर्यंत उतरलं की भोकातून हवा शिरते आणि सायफन मध्येच तुटतो. पूर्ण फ्लश हवा असेल तर ते भोक बंद ठेवावं लागतं. काही प्रकारांत हँडल धरून ठेवलं की ते बंद राहतं आणि सोडलं की उघडतं. भोकाला बूच लावून कायम पूर्ण फ्लश ठेवण्याची सोयही बऱ्याच सायफनांत असते. तुमचा फ्लश अकारण अर्ध्यावर थांबत असेल तर हे बूच निघालं आहे का ते पाहा.

## कमोडच्या भांड्यातही सायफन असतो का?

काही भांड्यांत. अमेरिकेत जास्त दिसणाऱ्या प्रकारात भांड्यामागचा, चिनी मातीतच घडवलेला वळणदार मार्ग अरुंद आणि लांब असतो. तो पाण्याने पूर्ण भरला की भांड्यातलं सगळं ओढून नेतो, शेवटी मोठ्याने गुळगुळ आवाज येतो. गंमत अशी की तिथे टाकीत मात्र बहुधा झडप असते. साध्या, सरळ उताराच्या भांड्यात असं ओढणं नसतं, तिथे पाण्याचा धक्काच सगळं पुढे लोटतो.

तुमचं भांडं कोणत्या जातीचं ते बादलीने कळतं. बादलीभर पाणी संथपणे ओता: पातळी जागची हलत नाही, जेवढं येतं तेवढं वाकणावरून निघून जातं. आता तेवढंच पाणी झपकन ओता. सायफनचं भांडं असेल तर शेवटी आवाज करत जवळजवळ रिकामं होईल. टाकीच्या हँडलबद्दल जे सांगितलं तेच इथेही लागू पडतं: नळी पूर्ण भरली तर सायफन, नाहीतर नुसतं ओघळणं.

## पाणी वाचवायला टाकीत वीट ठेवू का?

वीट नको. ती पाण्यात झिजते आणि तिचा चुरा बॉल कॉकच्या वाटेला जातो. पाणी भरून घट्ट बंद केलेली बाटली ठेवा, हलणाऱ्या भागांपासून दूर. चेंडू खाली आणून पातळी कमी करणं मात्र सायफनच्या टाकीत टाळा. बाटलीने पाणी कमी होतं पण उंची तीच राहते, पातळी उतरवली की सायफन सुरूच होत नाही. आणि भांडं जुनं, ९ लिटरसाठी घडवलेलं असेल तर फार कमी करू नका. दोनदा फ्लश करावा लागला तर वाचलेलं सगळं परत गेलं.

## टाकीत टाकायच्या स्वच्छतेच्या गोळ्या चालतात का?

क्लोरीनच्या गोळ्या मी टाळतो. पाणी तासन् तास टाकीत उभं असतं, तेवढ्या वेळात क्लोरीन रबरी वॉशर कडक करतं. क्षार जमले असतील तर व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवा आणि सकाळी फ्लश करा.

## हँडलच नाही, तरी ठरावीक वेळाने आपोआप फ्लश होतो, तो कसा?

सार्वजनिक मुताऱ्यांवरच्या टाकीत असतो तो. पाणी अगदी बारीक धारेने येत राहतं. नळीवर पालथ्या घातलेल्या घंटेखाली अडकलेली हवा वाढत्या पाण्याने दाबली जाते, एका क्षणी ती नळीच्या खालच्या वाकणातलं पाणी फोडून बाहेर पडते, आणि मोकळ्या झालेल्या वाटेने सगळी टाकी एकदम रिकामी होते. हलणारा एकही भाग नाही, वीज नाही. कॉक जरा उघडला की फेऱ्या लवकर येतात, आवळला की उशिरा. दोष एकच, कुणी आलं नाही तरी रात्रभर फ्लश होत राहतो.

## बरेच दिवस घर बंद होतं. आल्यावर पहिला फ्लशच झाला नाही, आणि वासही येतोय. सायफन गेला का?

गेला नाही. बाहेर जाताना मुख्य कॉक बंद केला असेल तर टाकीतलं थोडं पाणी उडून जातं आणि पातळी खाली आलेली असते. कॉक उघडा, टाकी रेघेपर्यंत भरू द्या आणि एका दमात हँडल दाबा. वास येतो तो भांड्याखालच्या वाकणातलं पाणी आटल्यामुळे. तिथे साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं आणि गटाराची हवा तेवढ्यावरच अडते. एक तांब्या पाणी भांड्यात ओतलं की ती वाट पुन्हा बंद होते. न्हाणीघराच्या मोरीतही तेवढंच ओता, तिथलंही पाणी आटलेलं असतं.